पडवीत बसलेली बॅटरी

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाचा पाऊस होतो, तरवा लावणीला येतो, चिखलणीसाठी पडवीतला पॉवर टिलर बाहेर काढला जातो आणि किल्ली फिरवताच इंजिनाऐवजी नुसता ‘टक’ असा आवाज येतो. कोकणात असा प्रसंग दर जूनमध्ये अनेक घरांत घडतो आणि ‘बॅटरी गेली’ असे म्हणून नवी आणली जाते. माझे म्हणणे असे आहे, की यांतील बहुतेक बॅटऱ्या वापराने जात नाहीत; त्या उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहतात, म्हणून जातात.

याचे कारण बॅटरीच्या पोटात आहे. शिशाच्या प्लेटा आणि पातळ सल्फ्युरिक आम्ल ही रचना गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली आणि मूळ क्रिया आजही तीच आहे. बॅटरी उतरते तेव्हा आम्लातील सल्फेट दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर जाऊन बसते आणि चार्जिंग केल्यावर ते पुन्हा आम्लात उतरते. मात्र हा थर ताजा असेपर्यंतच मऊ असतो. बॅटरी तशीच ठेवली, तर त्याचे खडे मोठे व कठीण होत जातात आणि मग कितीही चार्ज केले तरी ते पुरते सुटत नाहीत. शिवाय न वापरलेली बॅटरीसुद्धा आपोआप उतरत असते आणि तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की हा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याखालच्या पडवीतला एप्रिल-मे महिना तिला किती जड जात असेल, हे यावरून लक्षात येईल.

तपासणीसाठी मल्टिमीटर हाताशी असावा. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. तथापि केवळ या आकड्यावर विसंबू नये. गेल्या वर्षी शेजारच्या काकांच्या टिलरची बॅटरी मीटरवर १२.४ दाखवत होती, तरी स्टार्टर काही फिरेना. झाकणे उघडून मी प्रत्येक सेलची, म्हणजे बॅटरीतल्या प्रत्येक कप्प्याची, ग्रॅव्हिटी पाहिली, म्हणजे त्यातले आम्ल पाण्याच्या मानाने किती जड आहे ते पाहिले. सहापैकी पाच सेलमध्ये ते मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा काचेचा तरंगक १२४० च्या रेघेपाशी डोलत होता, तिसऱ्या सेलमध्ये मात्र तो खाली जाऊन ११५० वर थांबला. चार्जिंगनंतरही सेलांमध्ये ५० पेक्षा जास्त अंतर राहिले, तर तो सेल निकामी समजावा. तिथे अंतर ९० चे राहिले. स्टार्टर मारताना मीटर लावून ठेवला, तरी असा दोष कळतो, कारण भार येताच व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळते.

आता चार्जिंगकडे वळू. बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाह पुरेसा असतो, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला १० ते १२ तास किंवा अधिकही लागतात आणि तेवढा धीर धरावा. दर तासाला पाहिलेली ग्रॅव्हिटी लागोपाठ तीन वेळा तेवढीच आली, की चार्जिंग पूर्ण झाले. या काळात हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून जागा मोकळी हवी, जवळ विडी-काडी नको आणि चार्जरचे चिमटे लावताना व काढताना वीज बंद हवी. सीलबंद बॅटरीला व्होल्टेज १४.४ च्या वर जाऊ देऊ नये आणि तिचे झाकण उचकटू नये.

एका चुकीबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. बॅटरी उतरली, की काही जण तिच्यात नवे आम्ल ओततात. ग्रॅव्हिटी वाढलेली दिसते आणि समाधान वाटते. पण जुने आम्ल कुठेही गेलेले नसते, ते प्लेटांवर बसलेले असते. चार्ज केल्यावर ते परत द्रावणात येते आणि एकूण आम्ल इतके तीव्र होते, की प्लेटांच्या जाळ्या झिजू लागतात. उडून जाते ते पाणी, म्हणून भरायचे तेही पाणीच आणि तेही डिस्टिल्ड. विहिरीचे किंवा नळाचे नव्हे. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे आणि उरलेले चार्जिंगनंतर, नाहीतर आम्ल उतू जाते.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये आणि कोरडे झाल्यावर पेट्रोलियम जेली लावावी. तार सोडवताना आधी ऋण, जोडताना आधी धन. हंगाम संपला, की बॅटरी पूर्ण चार्ज करून, ऋण तार सोडून, सावलीत ठेवावी. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने ती उतरते, हा समज प्लास्टिकच्या डब्यांना लागू नाही. महिन्यातून एकदा मीटर लावावा आणि १२.४ च्या खाली गेल्यास त्याच दिवशी चार्जिंगला लावावी.

खरोखरच निकामी झालेली बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसे सहसा वजा होतात. ती घरी फोडून शिसे वितळवू नये आणि आतले आम्ल पऱ्यात किंवा परसात ओतू नये, कारण अंगणातल्या मातीत गेलेले शिसे तिथे खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटात जाते.