नाक हलण्याआधीचा क्षण

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील बहुतेकांची, नसतील झाली तर रेडिओ घेऊन ओट्यापाशीच या, कारण आज मी जिच्याबद्दल बोलणारे त्या बाईचाही निम्मा वेळ ओट्यापाशीच जातो. समँथा. 'बिविच्ड'मधली. नाव ऐकून आठवलं नसेल तर नाक आठवा. नव्वदच्या दशकात सोनी टीव्हीवर ही सिरीयल हिंदीत डब होऊन लागायची, गोरी गोड बाई, ओठ नि नाक हलवायची, टुणुक असा आवाज यायचा आणि समोरची वस्तू गायब. आपल्याकडे नाक मुरडलं की नाराजी, तिच्याकडे जादू. माझ्या वयाच्या कितीतरी जणींनी आरशासमोर उभं राहून ते करून बघितलंय, मला माहितीये, आणि कुणालाच जमत नाही.

तर झालं काय, माझ्या अमेरिकेतल्या मावसबहिणीने घर आवरताना डीव्हीडींचा एक बॉक्स माझ्यासाठी बाजूला ठेवला आणि यंदा येताना घेऊन आली. पहिला सीझन, कृष्णधवल. घरच्या प्लेअरला लावली तर चालेचना, कारण डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालणार याचा एक आकडा असतो, त्याला रीजन म्हणतात, तिकडच्या डिस्कवर तो एक असतो आणि आपल्याकडचा पाच. मग लॅपटॉपला जोडायचा जुना ड्राइव्ह शोधला, त्याचा रीजन बदलला (हे मोजून पाचच वेळा करता येतं, त्यामुळे जपून), आणि रोज रात्री आई आणि मी एकेक एपिसोड बघायला लागलो. छत्तीस आहेत. सगळ्या मिळून आठ सीझनचे २५४.

एक सांगते, ही सिरीयल मला पाठ आहे असं मी इतकी वर्षं समजत होते आणि मी ती धड बघितलीच नव्हती. लहानपणी आपण नुसती जादूची वाट बघतो ना, कधी नाक हलतं, कधी नवरा गाढव होतो. आता मी बघत होते ती नाक हलण्याआधीचा तो एक क्षण. समँथाचं काम करणाऱ्या एलिझाबेथ माँटगोमरीचा चेहरा बघा त्या वेळेला. आधी इकडेतिकडे बघते, मग 'करू की नको' असं काहीतरी डोळ्यात येतं, कारण नवऱ्याला शब्द दिलाय, आणि मग ओठ हलतो. म्हणजे जादू नंतर, आधी शब्द मोडल्याची टोचणी. हे तीस वर्षांपूर्वी मला दिसलंच नव्हतं.

पहिलाच एपिसोड घ्या, १७ सप्टेंबर १९६४ चा. लग्न झालं, पहिली रात्र, आणि ती नवऱ्याला, डॅरिनला, सांगते की अरे मी चेटकीण आहे. त्याला पटत नाही, मग टेबलावरचा ॲशट्रे आपोआप सरकतो. तो म्हणतो ठीक आहे, पण यापुढे जादू बंद, साधी घरातली बायको म्हणून राहायचं. ती हो म्हणते. मनापासून म्हणते. आणि शेवटी स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांचा ढीग, ती त्या पसाऱ्याकडे बघते, हळूहळू सोडू म्हणते, आणि एका झटक्यात सगळं लख्ख.

आता हे लख्ख कसं व्हायचं माहितीये का? कॉम्प्युटर वगैरे काही नव्हतं. हात वर केलेले असतील तर माँटगोमरीने तसेच वर धरून पुतळ्यासारखं थांबायचं, कॅमेरा बंद, मग सेटवरची माणसं धावत येऊन भांडी उचलणार, पुसणार, मांडणार, सगळी बाहेर पळणार, आणि कॅमेरा पुन्हा सुरू. तोवर हिने पापणीही हलवायची नाही. वस्तू हवेत तरंगायच्या त्या तारांवर. मी लॅपटॉपला नाक लावून बघितलं, मला तरी एकदाही तार दिसली नाही. म्हणजे पडद्यावर एका सेकंदात आवरलेलं ते स्वयंपाकघर खरंच कुणीतरी हाताने घासूनपुसून आवरलेलं असायचं. मला हे कळल्यापासून तो सीन जास्तच आवडायला लागलाय.

दुसऱ्या एपिसोडमध्ये समँथा आणि तिची आई एन्डोरा रिकामं घर बघायला जातात, आणि इथे सोफा कसा दिसेल, तिथे पडदे कसे, असं म्हणत जादूनेच मांडून बघतात. समोरच्या घरातून ग्लॅडिस क्रॅविट्झ बघतेय, ती नवऱ्याला ओढून आणते, अहो चला बघा बघा, आणि तोवर घर रिकामं. अशी शेजारीण प्रत्येक सोसायटीत असते, पण फरक असा की ग्लॅडिस दरवेळी खरं बोलत असते आणि दरवेळी कुणीच विश्वास ठेवत नाही, नवरा पेपरातून मान वर करत नाही. हे काम केलं ॲलिस पिअर्सने. सिरीयल सुरू व्हायच्या आधीच तिला कॅन्सर झालाय हे कळलेलं होतं, तिने ते लपवून ठेवलं आणि दोन सीझन आपल्याला हसवलं. मार्च १९६६ मध्ये ती गेली, टीव्हीसाठीचं एमी अवॉर्ड तिला नंतर मिळालं. हे वाचल्यावर मी तिचे सीन परत लावले. किंचाळते काय, डोळे काय फिरवते, काय ताकद आहे त्या बाईत!

डॅरिनचंही तसंच. डिक यॉर्कची पाठ एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये आधीच दुखावलेली होती, आणि ते दुखणं वाढत गेलं तसं उभं राहायला टेकता यावं म्हणून सेटवर त्याच्यासाठी तिरपी भिंत करून दिली होती. शेवटी पाचव्या सीझनमध्ये त्याला सोडावंच लागलं आणि सहाव्यापासून डिक सार्जंट आला. दोन डॅरिनवरून लोक अजून वाद घालतात, मला त्यात पडायचं नाही, पण पहिल्या सीझनमध्ये यॉर्क ज्या पद्धतीने अंग लवचिक करून धडपडतो, घाबरतो, खुर्चीत कोसळतो, ते बघून माझं मत पक्कं झालंय. आणि सासू? ॲग्नेस मूरहेड. जावयाचं नाव मुद्दाम चुकवणारी, डरवुड म्हणणारी. ही बाई पडद्यावर आली की आई सरसावून बसायची.

याच सीझनच्या डीव्हीडी २००५ मध्ये दोन प्रकारे निघाल्या, एक मूळ कृष्णधवल आणि एक नंतर रंग भरलेली. तुम्हाला मिळाली तर हात जोडून सांगते, कृष्णधवल घ्या. रंग सिरीयलला खरे आले ते तिसऱ्या सीझनपासून, आणि तेव्हापासून भडक कपडे, मोठमोठ्या करामती, जादू वाढत गेली. पहिल्या सीझनमध्ये जादू कमी आणि संसार जास्त आहे. प्रकाश असा मऊ केलाय की रात्री त्यांच्या दिवाणखान्यातला दिवा आपल्याच खोलीत लागलाय असं वाटतं. त्यावर नंतर रंग फासला की ती सावलीच निघून जाते.

आणि ज्या एका एपिसोडसाठी आज मी हे सगळं बोलतेय तो जानेवारी १९६५ चा, 'ए इज फॉर आर्डव्हार्क'. दिग्दर्शन आयडा लुपिनोचं, त्या काळात हॉलिवूडमध्ये दिग्दर्शन करणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या होत्या, त्यातली ती एक. गोष्ट साधी आहे. डॅरिनचा पाय मुरगळतो, तो अंथरुणाला खिळतो, समँथाची वर-खाली धावपळ नको म्हणून ती घराला सांगते की याचं ऐक. झालं. तो म्हणेल ते समोर हजर. आणि जो माणूस जादू नको जादू नको म्हणत होता तोच आता म्हणतो, नोकरी कशाला, सगळं जग फिरू, तुला काय हवं ते माग. समँथा गप्प गप्प होत जाते. तिला हवं ते सगळं तर ती स्वतःच आणू शकते, मग नवऱ्याने काय दिलं? आणि तेवढ्यात दारात एक माणूस येतो, डॅरिनने आधीच, पगारातून, तिच्यासाठी मागवलेलं घड्याळ घेऊन. त्यावर कोरलंय की दर सेकंदाला माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती रडते. जगातलं काहीही ओठ हलवून मिळवू शकणारी बाई त्या एका विकत घेतलेल्या घड्याळासाठी रडते, आणि तो दारूच्या धुंदीतून उतरावं तसा भानावर येतो.

लोक म्हणतात ही सिरीयल म्हणजे बायकोने नवऱ्यासाठी स्वतःची ताकद दाबून ठेवायची गोष्ट. मलाही राग येतो डॅरिनचा, आजही येतो, तिने जादू का करू नये? पण त्या सिरीयलला हे माहीत होतं असं मला आता वाटतं. एन्डोरा दर आठवड्याला तोच प्रश्न विचारते, मोठ्याने, आणि तिला गप्प करणारं उत्तर कुणाकडेच नसतं. समँथा राहते ती तिच्या मर्जीने राहते, आणि ती मर्जी रोज नव्याने ठरवावी लागते, ते ठरवणं म्हणजेच तो नाक हलण्याआधीचा क्षण.

आईला इंग्रजी फारसं कळत नाही, मी मधेमधे सांगत असते. त्या घड्याळाच्या सीनला मी तोंड उघडणार इतक्यात तिने माझ्या हातावर हात ठेवला, थांब म्हणून. सीन झाला. मग म्हणाली, "परत लाव गं जरा." मी मागे नेऊन परत लावला. मग तिसऱ्यांदाही लावला.