धसकटांखालचा नकाशा (माहितीपटाचे निवेदन)

गव्हाची कापणी होऊन आठवडा झाला आहे. ड्रोनमधून दिसणाऱ्या या शेताच्या एका अंगाला सिंध नदीचे पात्र आहे, दुसऱ्या अंगाला ग्वाल्हेरच्या दिशेने जाणारी गाडीवाट आहे, आणि मधला उंचवटा इतका सौम्य आहे की त्यावर उभ्या असलेल्या माणसालाही तो जाणवत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र त्याची कड उमटते. शेताचे मालक, म्हणजे मुलांचे काका, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारे निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांच्या हातातील वीट गेल्या वर्षी नांगरटीत वर आली. शेजारी ठेवलेली आजची ९ इंची वीट तिच्यापुढे निम्मी वाटते.

या खोऱ्यात अशी जुन्या काळची मोठी वीट सापडणे नवलाचे नाही. सिंध आणि पार्वती यांच्या संगमावरील पवाया हे गाव म्हणजेच नाग राजांची पद्मावती, संस्कृत नाटककार भवभूतीने ‘मालतीमाधव’ हे नाटक जिथे घडवले ती नगरी, हे ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. बा. गर्दे यांनी दाखवून दिले. त्यापूर्वी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो मान नरवरला दिला होता. गर्दे यांच्या उत्खननात विटांचे टप्प्याटप्प्यांनी चढत जाणारे भव्य बांधकाम उघडे पडले. पवायाची मणिभद्र यक्षाची मूर्ती आज ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात उभी आहे. गर्दे यांच्या हाती कुदळ होती, मजूर होते आणि संस्थानाचे पाठबळ होते. जमिनीच्या आत पाहण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते.

आता शेताची मोजणी करणाऱ्या या मुलीच्या हातातील उभ्या नळीकडे पाहावे. हा ग्रॅडिओमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील बारीक फरक मोजणारे यंत्र आहे. त्यात दोन संवेदक एकावर एक, एक मीटर अंतराने बसवलेले आहेत. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र येथे ४५,००० नॅनोटेस्लांहून (नॅनोटेस्ला हे ते मोजण्याचे एकक) अधिक आहे आणि दिवसभरात ते थोडेफार कमीजास्त होत असते; परंतु तो बदल दोन्ही संवेदकांना सारखाच जाणवत असल्यामुळे वजाबाकीत नाहीसा होतो, आणि उरते ते खालच्या संवेदकाला पायाखालच्या मातीने दिलेले अधिकउणे, जे कित्येकदा अवघ्या काही नॅनोटेस्लांचे असते. इतक्या बारीक मोजणीला पँटची चेनही आड येते. म्हणून कमरेचा पट्टा, मोबाइल, तारेच्या दांडीचा चष्मा हे सारे बांधावरच्या टोपलीत ठेवलेले आहे, आणि आमचा कॅमेराही लांब उभा करावा लागला.

शेतात दोऱ्या ताणून २० मीटर लांबीरुंदीचे चौकोन आखले आहेत. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर एक, अशा एका चौकोनात ४० फेऱ्या होतात. म्हणजे ८०० मीटर चाल, तीही एका लयीत, धसकटांत न अडखळता. पाऊल चुकले तर नकाशातील भिंत वाकडी होते.

मातीत लोहाची संयुगे असतात. भट्टीत ती सुमारे ६०० ते ७०० अंशांपर्यंत तापून थंड होऊ लागली, की त्या क्षणीच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्यांच्यात कायमची गोठते. ऑक्सफर्डच्या मार्टिन एटकन यांनी १९५८ मध्ये इंग्लंडमधील वॉटर न्यूटन येथे याच गुणावरून पुरलेली भट्टी शोधली. भट्टी जागच्या जागी थंड झालेली असते, त्यामुळे ती नकाशात ठसठशीत दिसते. वीट मात्र भट्टीतून काढून गवंड्याच्या सोयीने कशीही फिरवून रचलेली असते. प्रत्येक विटेची दिशा वेगळी पडते, आणि पक्की भिंतही सरळ रेघ न दिसता ठिपक्यांची माळ होऊन दिसते. ही माळ ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो.

दुपारी एका चौकोनात आकडा एकाएकी उसळला.

“काका, इथे काही लोखंड पुरलं होतं का?”

काकांनी खुरप्याने चार बोटे माती उकरली. “अरे, हा तर आपल्या कल्टिव्हेटरचा दात! दोन वर्षांपूर्वी मोडला होता.”

चार सळया रोवून चाललेली ही दुसरी मोजणी विद्युतरोधाची आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांनी ती १९४६ मध्येच पुरातत्त्वासाठी वापरली होती. ओलावा धरणाऱ्या मातीतून वीज सहज जाते, कोरड्या विटेला अडते. एप्रिलच्या भेगाळलेल्या जमिनीत सळईला ओल मिळावी म्हणून मुले लोट्याने पाणी घालत आहेत. जमिनीत रडारच्या लहरी सोडण्याचीही रीत आहे. पण माळव्यातल्यासारख्या चिकट काळ्या मातीत त्या लवकर विरतात, शिवाय तिथला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय असल्याने ग्रॅडिओमीटरलाही चकवतो. सिंधेचा गाळ त्या मानाने मनमिळाऊ.

संध्याकाळी ओसरीवर लॅपटॉप उघडला. करड्या पटावर एक काटकोन, त्याला लागून दुसरा, आणि नदीच्या बाजूला एक गडद गोळा, जो भट्टीचा असावा. यावरून काळ ठरत नाही आणि दीड मीटरच्या खालचे या यंत्राला सहसा दिसत नाही. परंतु जमिनीला ओरखडाही न काढता एवढे कळले.

(काका पडद्याकडे पाहत राहतात. येथे निवेदन नाही.)

संरक्षित स्मारक जाहीर झाल्यास १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असते आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, त्यामुळे शेजारच्या बांधांवर कुजबुज सुरू आहे.

जूनपूर्वी हे शेत लेझर लेव्हलरने सपाट करायचे ठरले होते. काकांनी बटाईदाराला बोलावून उंचवट्याभोवती बांबूच्या खुंट्या ठोकून घेतल्या आहेत. लोखंडी नकोत, असे त्यांनी बजावले.