लठ्ठपणाच्या वर्गाची उद्दिष्टं लिहिताना

नमस्कार श्रोतेहो. लठ्ठपणावर आरोग्यशिक्षणाचा वर्ग घ्यायचं ठरलं की पहिला कागद भरायचा असतो तो उद्दिष्टांचा. आणि त्यावर हमखास पहिलं वाक्य येतं, 'सहभागींना लठ्ठपणाच्या दुष्परिणामांची माहिती देणे.' आता मला सांगा, ही माहिती देणार कोण? आपणच. म्हणजे आपण तासभर बोललो की उद्दिष्ट पुरं झालं, समोरचा पेंगत का असेना! शिकणाऱ्याचं उद्दिष्ट लिहायचं, तर वाक्यातला कर्ता शिकणारा हवा. वर्ग संपल्यावर तो काय करून दाखवेल, हे त्यात आलं पाहिजे.

रॉबर्ट मेगर या शिक्षणतज्ज्ञांनी 1962 सालीच अशा उद्दिष्टासाठी तीन गोष्टी मागितल्या होत्या. शिकणारा काय करील, कोणत्या परिस्थितीत करील, आणि कितपत जमलं म्हणजे जमलं म्हणायचं. तिसरी गोष्ट आपण सर्रास गाळतो.

एक उदाहरण घेऊ. 'सहभागींना साखरेचं प्रमाण समजेल,' असं लिहिलंय. समजलं की नाही, कसं ओळखणार? माना तर सगळेच डोलावतात. हेच वाक्य असं करून बघा: 'गोड शीतपेयाची बाटली हातात दिल्यावर, तिच्यावरचं लेबल वाचून, अख्ख्या बाटलीत किती ग्रॅम साखर आहे हे सहभागी कुणाच्या मदतीशिवाय काढून दाखवेल.' लेबलवर लिहिलेलं असतं 100 मिलिलिटरमागे 10 ग्रॅम. बाटली असते 500 मिलिलिटरची. पुष्कळजण त्या 10 वरच थांबतात आणि 'एवढीच?' म्हणतात. खरं उत्तर 50 ग्रॅम, म्हणजे साधारण बारा चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, 5 टक्क्यांच्या आत असली तर आणखी चांगलं. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी ही 10 टक्क्यांची मर्यादा होते 50 ग्रॅम. एका बाटलीत दिवसाचा कोटा खलास! आता हा गुणाकार सहभागीने स्वतः केलाय, आणि त्याला तो जमला की नाही हे आपल्याला समोर दिसलंय.

बॉडी मास इंडेक्सचं उद्दिष्टही प्रत्येक कार्यक्रमात असतंच. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. प्रौढांत 25 पासून पुढे जादा वजन, 30 पासून लठ्ठपणा. काही लोकसमूहांत धोका त्याआधीच सुरू होतो, ते वेगळं. लिहायला सोपं, तपासायला त्याहून सोपं, म्हणून सगळ्यांचं लाडकं. पण आकडा काढता आला म्हणून कुणाच्या ताटात काही बदलत नाही. ठेवा ते, पण त्यावर अर्धा तास घालवू नका.

आता वजनाबद्दल. 'सहभागींचं वजन तीन महिन्यांत पाच किलोने घटेल' हे शिकण्याचं उद्दिष्ट होऊच शकत नाही. वजनामागे अनुवंश आहे, झोप आहे, स्टिरॉइडसारखी औषधं आहेत, कामाच्या पाळ्या आहेत, खिसा आहे. माणूस सगळं नीट शिकतो, नीट वागतो, आणि काटा तरी हलत नाही. मग आपल्याच कागदाने त्याला नापास करायचं का? 5 ते 10 टक्के वजन उतरलं तरी रक्तदाब आणि रक्तातली साखर सुधारते, हे खरंच आहे. पण ते कार्यक्रमाच्या दूरच्या ध्येयात लिहा, तासाच्या उद्दिष्टात नको.

बी.एड. केलेल्यांना शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण पाठच असेल: बोधात्मक म्हणजे जाणण्या-समजण्याचं, भावात्मक म्हणजे भावना आणि वृत्तीचं, क्रियात्मक म्हणजे शरीराने करून दाखवायचं. लठ्ठपणाच्या वर्गात सगळा भर पहिल्यावर, म्हणजे नुसत्या माहितीवर. क्रियात्मक उद्दिष्टही लिहिता येतं की! आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करा, असं आपण सांगतो. पण मध्यम म्हणजे केवढा? वर्गातच सगळ्यांना चालायला लावा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. 'सहभागी चालताना स्वतःचा मध्यम वेग ओळखून तो पाच मिनिटं टिकवेल.' झालं उद्दिष्ट.

भावात्मक बाजू अवघड, आणि म्हणूनच बहुतेक कागदांवर ती कोरी असते. लठ्ठ माणसाला आळशी ठरवणारं बोलणं आपल्या वर्गातही होतं, कधी कधी शिकवणाऱ्याच्याच तोंडून. तेव्हा 'आदर वाटेल' असं मोघम लिहू नका. 'दिलेल्या संवादातली हिणवणारी वाक्यं ओळखून ती सन्मानाने बोलून दाखवेल' असं लिहा.

तासाभराला अशी दोन-तीन उद्दिष्टं पुष्कळ झाली. प्रत्येकासमोर ते तपासणार कसं, हेही लगेच लिहून टाका. सुचत नसेल तर वाक्य पुन्हा लिहायला घ्या. आणि वर्ग लहान मुलांचा असेल, तर आधी एवढं बघा की घरात किराणा कोण आणतं आणि स्वयंपाक कोण करतं. दहा वर्षांच्या मुलाच्या नावावर 'घरातलं तेल कमी करेल' असं उद्दिष्ट लिहून काय उपयोग? त्या तासाला आईवडिलांना बोलवा आणि वाक्याचा कर्ता बदला. नमस्कार.