ब्लॅककरंट: गुण कशात आहेत आणि ते खानदेशात कुठून मिळतील

मंडळी, ब्लॅककरंट हे नाव जळगाव-धुळ्याच्या घराघरांत पोचलं ते आइस्क्रीममुळे. आता सुक्यामेव्याच्या दुकानांतही त्याच नावाची पाकिटं दिसतात. रक्त वाढतं, डोळ्यांना चांगलं, शुगरला चांगलं असं सांगून ती विकली जातात. यात खरं किती, हे पाहायचं तर आधी फळ कोणतं ते ठरवायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

खरं ब्लॅककरंट हे रायबीस नायग्रम या झुडपाचं फळ. झुडूप छातीएवढं वाढतं, वाटाण्याएवढी काळी आंबट फळं घोसाने लागतात. उत्तर युरोप आणि उत्तर आशिया हा त्याचा मुलूख. पोलंड आणि रशियात त्याची मोठी लागवड आहे. हिवाळ्यात साधारण ७ अंशांखालची थंडी त्याला हजारभर तास तरी लागते, नाहीतर डोळे नीट फुटत नाहीत. धुळ्यात पारा ५-६ अंशांवर येतो खरा, पण तो पहाटेपुरता; दुपारी पुन्हा ऊन तापतं. म्हणून कुणी ब्लॅककरंटचं रोप म्हणून विकत असेल तर त्यात पैसा घालू नका. भुसावळच्या मे महिन्यात ते झुडूप तगणार नाही.

मग पाकिटात काय असतं? बहुतेक वेळा वाळवलेली बारीक काळी द्राक्षं. इंग्रजी व्यापारात त्यांनाही करंटच म्हणतात, त्यामुळे प्रत्येक दुकानदार फसवतोच असं नाही. पण गुणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताज्या ब्लॅककरंटमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या तिप्पट. वाळलेल्या द्राक्षात ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास उरतं. मनुका वाईट नाही. त्यात तंतू आहेत, पोटॅशियम आहे, थोडं लोहही आहे. फक्त ब्लॅककरंटचे गुण त्याच्या नावावर लावू नयेत.

ओळख घरी पटते. चार-पाच दाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. खऱ्या फळाच्या शेंड्याला वाळलेल्या फुलाचं टोपरं चिकटलेलं असतं आणि आत पुष्कळ बारीक बिया असतात. द्राक्षाला टोपरं नसतं. बी एकतर नसते, नाहीतर दोन-तीन मोठ्या असतात. पाकिटावर शास्त्रीय नाव छापलेलं असेल तर काम आणखी सोपं: व्हायटिस व्हिनिफेरा दिसलं की ते द्राक्ष.

सरबताची परीक्षा वेगळी. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर सरबत घाला आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. रंग फळाचा असेल तर जांभळा-लाल जाऊन निळसर, काळपट-हिरवट होतो. कृत्रिम रंग जवळजवळ तसाच राहतो. सरबत फार आंबट असेल तर सोडा फसफसून संपतो आणि रंग हलत नाही. अशा वेळी आणखी चिमूटभर टाकून पाहा. लेबलवर आयएनएस १२२ किंवा १३३ असेल तर परीक्षेचीही गरज नाही, ते कृत्रिम रंगच आहेत.

आता गुण. या फळात दोन गोष्टी मोलाच्या: क जीवनसत्त्व आणि सालीतलं जांभळं रंगद्रव्य, म्हणजे अँथोसायनिन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री येणं अवघड झालं, तेव्हा १९४२ पासून लहान मुलांना ब्लॅककरंटचं सरबत फुकट वाटलं गेलं, ते क जीवनसत्त्वासाठीच. हा गुण पक्का आहे, त्यावर वाद नाही.

रंगद्रव्याबद्दल मात्र मोजून बोलायला हवं. साखरयुक्त खाण्यासोबत ब्लॅककरंटचा अर्क दिल्यावर जेवणानंतरची साखर थोडी सावकाश चढते, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. रक्तवाहिन्या सैलावणं, व्यायामानंतरचा थकवा यांवर न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये काम झालं आहे. जपानमध्ये काचबिंदूच्या रुग्णांना नेहमीच्या थेंबांसोबत रोज ५० मिलिग्रॅम अँथोसायनिन दोन वर्षं दिलं, तेव्हा दृष्टिक्षेत्राची घसरण कमी दिसली. हे सगळे प्रयोग थोड्या माणसांवरचे आणि बहुधा तयार अर्काचे आहेत. त्यावरून आशा धरावी, पण थेंब किंवा गोळी बंद करू नये. आणि आइस्क्रीमच्या कपातून हा फायदा मिळत नाही, तिथे साखर आणि साय जास्त असते.

मग आपण काय करायचं? एका फळात मिळणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे दोन फळांत आहेत. क जीवनसत्त्व पेरूत १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या पुढे, आवळ्यात त्याहून जास्त. बाईमाणसाला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे हिवाळ्यात अर्धा पेरू खाल्ला की झालं. जांभळं रंगद्रव्य जांभळात आणि पिकलेल्या करवंदात आहे. दोन्ही सातपुड्यातून मे-जूनमध्ये उतरतात.

रक्त वाढण्याचं म्हणाल तर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीत लोह आहे, पण धान्यातलं लोह अंगी कमी लागतं. त्याच घासांसोबत क जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं. म्हणून पेरूची फोड किंवा लिंबू जेवणातच हवं, दोन तासांनी नव्हे. लिंबू भाजी चुलीवरून उतरवल्यावर पिळा, उकळीत ते जीवनसत्त्व नासतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. आपल्याकडे जेवल्याबरोबर चहा ठेवायची सवय फार आहे, ती मोडावीच.

जांभूळ साठवायचं तर ताजं, न फुटलेलं घ्या. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडं करा. ताटात एकेरी पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग पिशवीत भरून हवा काढा. ओलं भरलं तर सगळ्याचा एक गोळा होतो आणि लागेल तेवढं काढता येत नाही. सरबतासाठी अर्धा किलो जांभळं हाताने चोळून बिया काढा. साल टाकू नका, रंग सालीत जास्त असतो. तीन वाट्या पाणी आणि दोन लिंबांचा रस घालून मिक्सरमधून फिरवा, जाड गाळणीने गाळा. लिंबाने रंग लाल-जांभळा टिकतो. लोखंडी कढईत गर ठेवला की तो काळानिळा पडतो, भांडं स्टीलचं घ्या. गर उकळू नका. तासभर आटवलेल्या पाकात जीवनसत्त्व आणि रंग दोन्ही खूप घटतात. न उकळलेलं सरबत फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, नंतर फेस येऊ लागतो. फेस दिसला की फेकून द्या.

साखरेच्या रुग्णांनी गोडाचं सरबत न घेता अख्खं फळ मूठभर खावं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजून घ्यायला सांगितलं असेल तर ब्लॅककरंट किंवा मनुका खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. ब्लॅककरंटच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत विचारल्याशिवाय घेऊ नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर अशी प्रत्येक कॅप्सूल, आयुर्वेदिक म्हणून विकलेलीसुद्धा, डॉक्टरांना आधी दाखवा.