श्वास रोखता येतो, हृदय नाही

(दृश्य: सीटी स्कॅन यंत्राच्या गोल कड्यात, म्हणजे गॅन्ट्रीत, सरकणारं टेबल. यंत्रातून आवाज येतो.)

“श्वास घ्या... रोखून धरा.”

टेबलावरचा माणूस श्वास रोखतो. पण हृदय कसं रोखणार?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. तेव्हा एका स्कॅनला ४-५ मिनिटं लागत. डोकं घट्ट बसवता येतं, म्हणून ते जमलं. आज गॅन्ट्रीची फेरी पाव सेकंदात पुरी होऊ शकते, तरी धडधडत्या हृदयाला तेवढा वेळही पुष्कळ असतो.

सीटीचं चित्र गणितानं रचलेलं असतं. एक्स-रे ट्यूब फिरत असताना शेकडो कोनांतून मापं घेतली जातात, आणि ती सगळी एकाच निश्चल वस्तूची आहेत असं धरून संगणक त्यांची जुळणी करतो. मधेच वस्तू हलली की मापांचा आपसात मेळ बसत नाही. चित्र नुसतं धूसर होऊन भागत नाही. कडा दुहेरी होतात, नसलेल्या रेघा उमटतात.

(दृश्य: पडद्यावर हृदयाच्या आडव्या छेदाचं चित्र.)

ही उजवी कोरोनरी धमनी, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी. इथे गोल ठिपका दिसायला हवा होता. दिसते ती चंद्रकोर, दोन्ही टोकं लांब ओढलेली. मुळात धमनी जेमतेम काही मिलिमीटर रुंद. अशा चित्रावरून आत अडथळा आहे की नाही, हे छातीठोकपणे कुणी सांगावं?

हे टाळायला आधी नाडी संथ करणारं औषध देतात. ईसीजीवरून दोन ठोक्यांमधला निवांत क्षण निवडतात. तरी उरते ती हालचाल सॉफ्टवेअर निस्तरतं. ते आगेमागेच्या क्षणांची चित्रं रचून धमनी कुठून कुठे सरकली याचा माग काढतं आणि तो हिशेब धरून चित्र पुन्हा घडवतं. चंद्रकोर मिटते, ठिपका गोल होतो. डोक्याचं त्या मानानं सोपं. कवटी वाकत नाही, त्यामुळे तिची हालचाल सहा आकड्यांत मावते: तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती वळणं. छातीत मात्र बिंदूबिंदूची चाल निराळी.

पण हा शेवटी अंदाज आहे. तो चुकला, तर सुबक दिसणारी धमनीही फसवी असू शकते. म्हणून दुरुस्त चित्राशेजारी मूळ चित्र हवंच, असं मी आग्रहानं म्हणेन.

(दृश्य: कंट्रोल रूमची काच.)

तंत्रज्ञ श्वास रोखण्याची आणखी एकदा तालीम करून घेते. नाडीचा आकडा उतरताना पाहते. मगच बटण दाबते.