स्क्रीनवरची मासोळी नेमकी कुठे असते?

मंडळी, फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासोळी आणि तळ दाखवणारं यंत्र) घेतलेल्या माणसाकडून नागपुरात हमखास एक तक्रार ऐकू येते. ‘सर, स्क्रीनवर मासोळी तर दिसून राहिली, मग जाळ्यात काहून येत नाही?’ मशीन खोटं बोलत नाही. आपण तिला विचारतो एक आणि वाचतो दुसरंच.

नेहमीचं जे दृश्य असतं, उजवीकडून डावीकडे सरकणारं, त्यात आडवी बाजू वेळेची असते, अंतराची नाही. दवाखान्यातल्या ईसीजीच्या पट्टीसारखंच ते. अगदी उजव्या कडेची रेघ तेवढी आत्ताची; बाकी सगळं होऊन गेलेलं. स्क्रीनच्या मधोमध दिसणारी मासोळी नावेखालून केव्हाच निघून गेली. नांगर टाकून बसलात आणि खाली एखादी रोहू नुसती तरंगत राहिली, तर स्क्रीनवर लांबच लांब रेघ ओढली जाते. ती पाहून ‘दहा किलोची आहे’ म्हणणारे मी पाहिलेत. रेघेची लांबी म्हणजे मासोळी किती वेळ खाली थांबली एवढंच. आकाराचा अंदाज घ्यायचाच, तर जाडीवरून घ्यावा, आणि तोही जपून.

खोली मात्र खरी. 1826 साली जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून कोलाडोन यांनी आवाजाचा वेग मोजला होता, सेकंदाला 1435 मीटर. ते पाणी थंड होतं. आपल्या उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तो 1500 च्या आसपास जातो. म्हणजे 10 मीटर खोल तळाला आवाज लागून परत यायला सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग पुरतो.

आता मासोळीच्या जागी स्क्रीनवर उमटणाऱ्या कमानीकडे येऊ. जाहिरातीत दिसतात तशा सुबक कमानी आपल्या तलावात का दिसत नाहीत? आवाज शंकूसारखा पसरत खाली जातो. मासोळी शंकूच्या कडेला असते तेव्हा ती ट्रान्सड्यूसरपासून (आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागापासून) किंचित लांब असते, बरोबर खाली आली की जवळ, पुन्हा लांब. म्हणून कमान. 200 किलोहर्ट्झ वारंवारतेच्या आवाजाचा शंकू साधारण 20 अंशांचा धरा. 10 मीटर खोलीवर कडेचं आणि मधलं अंतर यांत फरक पडतो जेमतेम 15 सेंटिमीटर! 4 मीटरवर 6. एवढ्याची कमान स्क्रीनवर उमटणार तरी किती? तेव्हा उथळ तलावात कमानींची वाट पाहू नका; तुटक, जाड ठिपका दिसला तरी तीच मासोळी असू शकते. मोठी कमान हवी तर 83 किलोहर्ट्झचा रुंद शंकू लावा. तो 60 अंशांचा धरला, तर 10 मीटरवर हाच फरक दीड मीटर होतो.

पण रुंद शंकूची किंमत तळाशी मोजावी लागते, आणि हे फार कमी जण सांगतात. मशीनला दिशा कळत नाही, फक्त अंतर कळतं. पाणी 10 मीटर असेल, तर 10 मीटरपेक्षा लांबून आलेला प्रत्येक प्रतिध्वनी तळाच्या पट्ट्यात मिसळून जातो. 60 अंशांच्या शंकूत कडेला तळालगतचा सव्वा मीटरहून थोडा जास्त थर असा आंधळा होतो. आणि आपली मृगळ चरते कुठे? तळालाच! तिच्यासाठी अरुंद शंकू आणि तळावर बांधलेला झूम (तळालगतचाच भाग मोठा करून दाखवणारा), दोन्ही एकदम लावा.

कटल्याचं उलट. तो वरच्या थरात चरणारा. 2 मीटर खोलीवर 20 अंशांचा शंकू फक्त 70 सेंटिमीटर रुंद, आणि नाव अंगावर आली की कटला आधीच बाजूला सरतो. खाली पाहणाऱ्या दृश्यात त्याला शोधणं म्हणजे वेळ घालवणं; त्याच्यासाठी बाजूचं दृश्य, म्हणजे नावेच्या डाव्या-उजव्या बाजूला पाहणारं. रोहू मधल्या थरात, ती नेहमीच्या दृश्यात मिळते. मरळ शोधायची असेल तर मशीन बंदच ठेवा. ती काठाच्या झाडोऱ्यात राहते. तिथे ढिवर बांधवांची नजर पुरे.

बाजूच्या दृश्यात मधली काळी पट्टी म्हणजे नावेखालचं पाणी. दोन्ही बाजूंना तळ पसरलेला दिसतो. इथे मासोळीपेक्षा तिची सावली बघा. ठिपका आणि सावली यांतली फट जितकी मोठी, तितकी मासोळी तळापासून जास्त वर. गोसीखुर्दसारख्या, जुनी गावं पोटात घेतलेल्या जलाशयात जाळं टाकण्याआधी हे दृश्य फिरवून घ्यावं. बुडालेल्या झाडाचा बुंधा लांब सावली टाकतो आणि फाटणारं जाळं वाचतं. (तोतलाडोहचं नाव काढू नका. तो राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे.)

तळाचा रंगही वाचता आला पाहिजे. मुरुमाचा कडक तळ जाड, ठळक पट्टा देतो आणि दुप्पट खोलीवर त्याचाच दुसरा, फिकट पट्टा उमटतो. गाळात आवाज मुरतो. पट्टा फिका, पसरट, दुसरा बहुधा नाहीच. सेन्सिटिव्हिटी (मशीन किती क्षीण प्रतिध्वनी दाखवेल ते ठरवणारी सेटिंग) कडक तळावर तो दुसरा पट्टा दिसेपर्यंत वाढवा, मग स्क्रीनवरचे नको ते ठिपके कमी होईपर्यंत थोडी खाली आणा.

आणि ती मासोळीची चित्रं दाखवणारी सोय पहिल्या दिवशीच बंद करा. बुडबुडा असो, फांदी असो, मशीन तिलाही शेपूट लावून देते.

राहिला प्रश्न घ्यायचं काय. बाजूच्या दृश्याला नाव सरळ रेषेत, एकसारख्या संथ वेगाने चालावी लागते. वल्ह्याने चालणारा डोंगा दर हिसक्याला वेग बदलतो, त्यामुळे चित्र कुठे आखडतं, कुठे ताणतं; आणि थांबलात तर नुसते पट्टे. म्हणून डोंगेवाल्याने दोन शंकूंचं साधं मशीन घ्यावं. बाजूच्या दृश्याचे जादा पैसे मोटार असलेल्यानेच मोजावेत, आणि त्याने ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसापासून लांब बसवावा.