पार्वतीचं काम करणारी बाई

मी आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्यांचं काम मी पाहिलेलं नाही. तुमच्यापैकीही कुणी पाहिलेलं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. तरीही त्यात पार्वती झालेल्या दुर्गाबाई कामतांबद्दल बोलायचं तर ते नाशकातच बोलायला हवं, कारण तो चित्रपट इथे तयार झाला.

फाळके त्र्यंबकचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३च्या मे महिन्यात मुंबईत लागला. त्यात तारामती झाले अण्णा साळुंके, हॉटेलात स्वयंपाकी असलेला तरुण. फाळक्यांनी बायका शोधल्या नव्हत्या असं नाही. जाहिराती दिल्या, खूप वणवण केली, पण कुणी तयार होईना. मग ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले, आणि ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटासाठी त्यांना चित्ताकर्षक नाटक कंपनीतल्या दुर्गाबाई आणि त्यांची मुलगी, या मायलेकी मिळाल्या. मुलगी कमळा मोहिनी झाली, तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. आई झाली पार्वती.

पुढे मुलीचं नाव ‘पहिली नायिका’ म्हणून घेतलं गेलं आणि आई मात्र अर्ध्या ओळीत राहिली. मला हे खुपतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा निर्णय त्या तेरा वर्षांच्या पोरीचा असणार नाही. तो आईने घेतला, आणि मुलीला एकटीला पुढे न करता ती स्वतःही उभी राहिली.

दुर्गाबाई कोण होत्या? त्या नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात मुलगी असलेल्या बाई होत्या. नवरा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायचा. त्या काळी अशा बाईपुढे वाटा किती होत्या? भावाच्या घरी चुलीपाशी बसायचं, नाहीतर चार घरची धुणीभांडी करायची. दुर्गाबाईंनी नाटक कंपनी धरली. कंपनी म्हणजे आज या गावी, उद्या त्या गावी. ट्रंका, पडदे, बैलगाड्या. मुलीचं सगळं लहानपण त्यातच गेलं. आणि लोक? नाटकातली बाई म्हटलं की त्यांचं बोलणं ठरलेलं असे.

एक गंमत नव्हे, वेदना सांगतो. त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांचा शालू, त्यांची चाल, त्यांचं लाजणं यावर अख्खा महाराष्ट्र जीव ओवाळून टाकत होता. बालगंधर्व थोरच होते, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण पुरुषाने बाई साकारली की ती कला, आणि बाईने बाई साकारली की बदनामी, हा न्याय दुर्गाबाईंनी अंगावर झेलला.

आता कामाकडे येऊ या. रंगभूमीवरच्या नटीची अर्धी ताकद गळ्यात. पद रंगलं की वन्स मोअर येतो, पिटातली दाद कानावर पडते. मूकपटात हे सगळं एकदम गेलं. समोर प्रेक्षक नाही, आहे तो हाताने फिरवायचा कॅमेरा. चित्रण उन्हात. सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून चेहऱ्यावर उजेड पाडत, असं सांगतात. त्या उन्हात डोळे न मिचकावता भाव दाखवायचे.

त्यात फिल्मची आणखी एक खोड. तिला लाल रंग दिसतच नसे. लाल काळा उमटे, निळा पांढरा पडे. आजी, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात, तुमच्या कपाळावरचं हे ठसठशीत कुंकू त्या फिल्मवर काळं ठिक्कर आलं असतं. ओठ रंगवले तर तेही काळे. म्हणजे रंगपटात, नटांच्या रंगभूषेच्या खोलीत, शिकलेली सगळी विद्या इथे उलटी पडायची, आणि ती पहिल्यांदा नव्याने शिकणाऱ्यांत या मायलेकी होत्या.

भस्मासुराची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होवो, हा वर शंकराने दिला आणि तो राक्षस उलटून शंकराच्याच मागे लागला, पार्वतीचा लोभ धरून. लोकांच्या लक्षात राहते ती मोहिनी, तिचा नाच. पण मोहिनीची गरज पडते ती पार्वतीवर संकट आलं म्हणून. ते संकट चेहऱ्यावर दिसलं नाही, तर नाचाला अर्थ उरत नाही. चरित्र भूमिका म्हणतात ती हीच. दुसऱ्याच्या कामाखाली जमीन तयार करायची आणि बाजूला व्हायचं.

कमळाबाई पुढे गोखल्यांच्या घरात गेल्या. नवरा लवकर गेला, तीन मुलं पदरात. त्यांनीही रंगभूमी सोडली नाही, प्रसंगी पुरुष भूमिका केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. आईने धरलेली वाट चार पिढ्या चालली.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तोवर आपले बहुतेक मूकपट गेले होते. ती नायट्रेटची फिल्म. भुरकन पेट घेते, आणि नुसती ठेवली तरी आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. म्हणून नाशिककरांना माझी कळकळीची विनंती आहे. जुने वाडे पाडले जातायत. माळ्यावर, फडताळात पत्र्याचा गोल डबा सापडला आणि आंबूस वास आला, तर तो उन्हात ठेवू नका, जवळ काडी ओढू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. पुण्याला कळवा. डबा नसेल तर कंपनीचं हँडबिल असेल, खेळाची जाहिरात असेल, पाठीमागे नाव नसलेला नऊवारीतल्या बाईचा फोटो असेल. तो फोटो टाकून देण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा दाखवा.